अण्णांना वाचता येणारा ओठ

४ जाने.
डावी खालची अक्कलदाढ. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी उगवायला निघाली, तीही आडवी, हाडात रुतून. डॉक्टरीण माझ्या भाचीच्या वयाची. स्कॅन दाखवला, मुळं थेट नसेला टेकलेली. "काकू, अख्खी नाही काढायची. छोटा छेद, वरचा भाग काढू, मुळं राहू देत." तरी ओठ बधिर राहू शकतो. बहुधा काही आठवडे, क्वचित कायमचा. हलेल, पण कळणार नाही.
माझी जीभ गेली तर निम्मं सोलापूर पेढे वाटेल. पण ओठ...

५ जाने.
अण्णांना सांगितलं नाही. मिलमधल्या मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. ऐकायचं मशीन कपाटात. म्हणतात, त्यात नुसता माग वाजतो. माझे ओठ तेवढे वाचतात. मिलच्या माग-खात्यात सगळेच तसं बोलायचे, आवाज न काढता, ओठ मोठे करून. घरीही तेच. आई-अण्णांचं भांडण म्हणजे मूकपट. शेजारी म्हणायचे, काय गुणी जोडपं. आईनं एकदा भाकरी थापता थापता नुसत्या ओठांनी त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. थाप एक चुकली नाही.
ती गेल्यावर त्यांच्याशी तसं बोलणारी मी एकटी.

९ जाने.
काढली. अर्धा तास. दुखलं नाही, हा अपमानच. अण्णा दारात. "कुटं गेलतीस?" मी सांगू लागले. ते बघत राहिले. "निम्मंच कळलं." आत गेले, मऊ भात लावला.

११ जाने.
इंजेक्शन कधीच उतरलं, ओठ नाही. चहा हनुवटीवरून ओघळला. अण्णांनी पुसला तेव्हा समजलं. ते शेंगाचटणी खात होते, माझ्यासमोर. मुद्दाम.

१४ जाने.
आरशासमोर सराव. चहा. भाकरी. गोळ्या घेतल्या का. आईच्या दोन शिव्याही. त्या बऱ्या जमतात.

२३ जाने.
डॉक्टरीण टोचून बघते. नस शाबूत, वेळ लागेल. किती, तिलाही सांगता येत नाही.
संध्याकाळी अण्णांनी हनुवटीवर बोट ठेवलं. "कळतंय का?"
मी ओठांनीच म्हटलं, व्हय.
त्यांनी ओठ बघितला. मग त्यांनीही आवाज न काढता, ओठ मोठे करून, खात्यातल्यासारखं: "खोटं. बरं हाय का इचारलं की तुझी आई बी असंच व्हय म्हणायची."
मी डोळे मिटले. बोट त्यांनी कधी उचललं, समजलं नाही.