बाल्कनीचं तापमान

२ सप्टेंबर, मंगळवार

समरीनचं यंत्र पुन्हा बंद पडलं. हिरवा दिवा विझलेला. लाल तेवढा जळतोय.

तळहातावर मावेल एवढी पाटी. तिला पडदा नाही, कळफलक नाही. अकरावीत असताना समरीनने ती टीव्हीच्या मागे बसवली. एक वायर खिडकीच्या फटीतून बाल्कनीत गेली आहे. तिथलं तापमान थोड्या थोड्या वेळाने टिपायचं आणि त्याची रेघ काढायची — एवढंच काम. रास्पबेरी पाय म्हणतात त्याला.

गफूर ड्यूटीवरून आला. बूट काढता काढता म्हणाला, "पाय मोडला वाटतं!" सौदीत, यान्बूत चौदा वर्षं झाली. रिफायनरीत याचं युनिट दोनदा बदललं, विनोद नाही.

समरीन जुलैत पुण्याला गेली, इंजिनिअरिंगला. यंत्र नेतेस का, विचारलं होतं. "इधर की गर्मी नापता है अम्मी. उधर क्या करेगा?"

३ सप्टेंबर, बुधवार

बुधवारी फोन! एरवी फक्त शुक्रवारी येतो. सलाम, जेवलीस का, अब्बा कुठे, बाय.

"अब्बा बोले मशीन बंद है. कार्ड गया होगा अम्मी. दो साल से लिख रहा है बेचारा."

कार्ड म्हणजे नखाएवढा काळा तुकडा, पाटीच्या पोटात खोचलेला. यंत्राला जे काही येतं ते सगळं त्याच्यावर. आता ते कार्डावर ठेवायचं नाही. बाहेरची ड्राइव्ह आणायची, तिच्यावर नव्याने सिस्टम टाकायची.

"कोण टाकणार?"

"तू."

मी हसले.

"हँस मत. एम.ए. किया है ना तूने?"

"मराठीत."

"तो पढ़ना तो आता है. स्क्रीन पे जो लिखा है वो पढ़. बाकी मैं बताती हूँ."

४ सप्टेंबर

कादिरच्या मोबाईलच्या दुकानातून ड्राइव्ह आणली. साबणाच्या वडीएवढी. "फोटो के लिए, मैडम?" हो म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नव्हतं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

गफूर जुम्म्याच्या नमाजाला गेला, मी लॅपटॉप उघडला. समरीन फोनवर.

प्रोग्राम तीनच प्रश्न विचारतो. यंत्र कोणतं. सिस्टम कोणती. कशावर लिहायची.

तिसऱ्या प्रश्नाला दोन नावं आली. एक नवी ड्राइव्ह. दुसरी गफूरची — तीही लॅपटॉपला लागलेली होती, मला पत्ताच नाही. समरीनचं सगळं लहानपण तिच्यात आहे. खाली इशारा: निवडलेल्या ड्राइव्हवरचं सर्व काही पुसलं जाईल.

बोट तिथेच थांबलं.

"अम्मी? क्या हुआ?"

"थांब."

गफूरची ड्राइव्ह काढून कपाटात ठेवली. कपाटाला किल्ली लावली. मग परत येऊन बसले. खेडला हायस्कुलात दोन वर्षं निबंध तपासले, शेकडो वाक्यं लाल शाईने खोडली. खोडताना कधी दोनदा पाहिलं नव्हतं.

सिस्टम लिहून झाली. मग समरीनने एक छोटी फाईल पाठवली. "ये भी उसमें डाल दे."

"काय आहे हे?"

"इससे बाकी सब अपने आप लग जाएगा. ग्राफ वगैरह. पूछ मत, डाल."

टाकली.

६ सप्टेंबर, शनिवार

चाललं! ड्राइव्ह जोडली, वीज दिली, हिरवा दिवा लुकलुकला. मोबाईलवर पान उघडलं — ते घरच्या वायफायवरच उघडतं, असं समरीनने मागे सांगितलं होतं — आणि रेघ समोर. दोन उन्हाळे, दोन हिवाळे. मधे मधे तुटलेली, पण आहे.

मीच फोन लावला. ओरडलेच जवळजवळ.

"पुराना ग्राफ दिख रहा है?"

"हो! सगळा!"

"अम्मी. नई ड्राइव्ह पे पुराना ग्राफ कहाँ से आएगा? कार्ड निकाला था?"

नव्हतं काढलं.

या घरात जुनं कार्ड कुणी काढत नाही. नवा इकामा, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं कार्ड, हातात येईपर्यंत जुना जपायचा. नवा आला तरी जुना बिस्किटांच्या डब्यात. गफूरचे, माझे, समरीनचे, सगळे आहेत. एकात ती चार वर्षांची, कपाळावर केस. त्याच सवयीने कार्ड राहू दिलं. असू दे, पुढेमागे लागेल.

"वो पहले कार्ड देखता है," समरीन म्हणाली. "कार्ड मिल गया तो ड्राइव्ह को पूछता भी नहीं."

म्हणजे दिवसभर जुनंच चालत होतं. नवी ड्राइव्ह शेजारी नुसती बसून.

"निकाल दे."

"मग दोन वर्षांचं?"

"जाने दे ना. किसको चाहिए?"

८ सप्टेंबर, सोमवार

कार्ड काढलं नाही. यंत्र दुपारी आपणहून बंद पडलं. पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद.

जेवताना गफूरने मोबाईल पुढे केला. समरीनचा जाऊन-परत-यायचा व्हिसा. मुदत एकवीस तारीख.

"वाढवता येईल?"

"इथूनच. एक बटण. पण ती येणार असेल तर. उगाच कशाला?"

"आणि नाही वाढवला तर?"

"तर तिचा इकामा खलास. मग यायचंच झालं तर व्हिजिटवर. पाहुणी."

भात तसाच राहिला. आपल्याच घरात पाहुणी.

"तू विचार," तो म्हणाला. "रोज बोलता ना हल्ली मायलेकी."

खरं आहे. बुधवारपासून रोज.

९ सप्टेंबर

विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं.

कार्ड काढलं का, तिने विचारलं. उद्या काढते म्हटलं. "तू भी ना! चल गया ना ये, तो तेरी जान छूटी अम्मी. फिर रोज़ फोन करके नहीं सताऊँगी."

मी हसले. तिनेही हसून फोन ठेवला. मी तशीच उभी होते, गॅसवर दूध उतू गेलं.

१० सप्टेंबर

घरभर फिरत राहिले. पडदे धुतले. धुतलेले पुन्हा धुतले.

११ सप्टेंबर, गुरुवार

नखाने दाबून कार्ड बाहेर ओढलं. कागदात गुंडाळून डब्यात, इकाम्यांच्या शेजारी.

वीज दिली. लाल. फक्त लाल, बराच वेळ. मग हिरवा. एकदा, पुन्हा, मग भरभर.

पान उघडलं. रेघ नाही. कोरं पान आणि एकच ठिपका. अडतीस.

तेवढ्यात फोन.

"निकाला?"

"हो."

"चला क्या?"

ठिपक्याकडे पाहत होते. दुसरा ठिपका आला.

"नाही," मी म्हटलं. "लालच आहे."

"अच्छा. कोई बात नहीं. कल देखते हैं."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

"केबल बदल के देख," ती म्हणाली. तीन वाजता. गफूर झोपलेला.

केबल हातात घेऊन बसले. सांगितलं, बदलली.

"अब?"

"लाल."

"हम्म. सब्र कर. उसको टाइम लगता है."

मग यंत्र राहिलं बाजूला. मेसच्या डाळीत डाळ शोधावी लागते. खोलीतली मुलगी नाशिकची, झोपेत हिशेब करते. कॉलेजात सगळे मराठी बोलतात, हिची गाडी अडते.

"अम्मी, 'उगाच' मतलब exactly क्या?"

एम.ए. उपयोगी पडेना. "कारण नसताना केलेलं."

"जैसे?"

मी उदाहरण शोधतेय तोवर तीच म्हणाली,

"जैसे... मी तुला उगाच फोन करते. ऐसा?"

"हो. असंच."

पान पुन्हा उघडलं नाही. उघडून पाहिलं की खोटं जास्त खोटं होईल.

१४ सप्टेंबर

आज ती म्हणाली, ड्राइव्ह थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेव, कधी कधी चालते. ठेवली, म्हटलं. फ्रीजमध्ये फक्त बांगडे होते.

"किती वेळ ठेवू?" मी विचारलं.

"बांगडे जितनी देर," ती म्हणाली! मी दचकले. पण शनिवारी मासळी आणतो हे तिला ठाऊक आहेच.

१५ सप्टेंबर

यंत्र उलटं ठेवून पाहायला सांगितलं. तेही 'केलं'. इंजिनिअरिंगला हे शिकवतात?

१७ सप्टेंबर, बुधवार

सौदीचा राष्ट्रीय दिन जवळ आला. रस्त्याकडेला हिरवी तोरणं, सिग्नलपासून समुद्राकाठच्या कॉर्निशपर्यंत. गफूर टीव्हीच्या मागे वाकला, रिमोट पडला होता. वाकलेलाच राहिला.

"शरफू, तुझं यंत्र पण देशभक्त झालंय. हिरवं लुकलुकतंय."

मी सोफ्यावरच्या उशा सरळ करायला लागले.

"हे चालतंय." जन्म इन्स्ट्रुमेंट खात्यात गेलाय त्याचा, दिवे त्याला कळतात. "कधीपासून?"

"तिला सांगू नका."

तो सोफ्यावर बसला. रिमोट हातात, टीव्ही बंद. म्हणाला, "हल्ली मला तिचा फोन येत नाही. मला वाटलं माझाच मोबाईल बिघडलाय. एकदा तिला विचारणार होतो, जरा सेटिंग बघ म्हणून."

"मग?"

"तुझं चाललं होतं ना. लाइन बिझी."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज ठरवून बसले होते. विचारायचं. तिने ड्राइव्हवर फुंकर मारायला सांगितली. मारली — खरोखर मारली, का कोण जाणे. ती हसत सुटली. हसणं ऐकून विचारायचं राहिलं.

गफूर दारात उभा होता. मी मानेनेच नाही म्हटलं. तो नमाजासाठी वजू करायला गेला.

२० सप्टेंबर

तिची खोली झाडली. भिंतीवर वेळापत्रक आहे अजून, बारावीचं. उन्हाने कागद पिवळा पडला. खिळा काढायला हात गेला. नाही काढला.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी गफूर कामावर जाताना म्हणाला, "आज शेवटचा. दुपारी फोन कर मला. हो की नाही, एवढंच सांग."

अकराला समरीनला फोन केला. रविवारी या वेळी ती मेसमध्ये असते.

"बोल अम्मी. लाल?"

"समरीन, व्हिसा आज संपतोय."

मागे मुलींचा गलका. ती चालत असावी, गलका मागे पडला.

"पता है," ती म्हणाली. "तारीख मेरे भी फोन में है."

"अब्बा विचारतात, वाढवायचा का?"

मी डोळे मिटले. येते म्हणाली तर शिक्षणाचं काय, हे मलाही कळतं. सुट्टी लागेपर्यंत तिला यायला जमणार नाही, हेही कळतं. तरी.

"नको वाढवू," ती म्हणाली. मराठीत. "मला इथे राहायचंय अम्मी. मला आवडतंय इथे. अब्बांना सांग, रागावू नका."

"रागावत नाहीत."

"तू?"

"मी कशाला?"

"रो रही है?"

"नाही." रडत नव्हते. ओटा पुसत होते, पुसलेलाच.

"मशीनचं काय?" तिने विचारलं.

आता कशासाठी लपवायचं? "चालू झालं."

"हाँ?"

"हो. हिरवा दिवा आहे."

"बरं," ती म्हणाली. बरं! हा शब्द कधी शिकली? "मग झालं."

फोन ठेवला. गफूरला केला. "नाही," मी सांगितलं. पलीकडे कंप्रेसरचा आवाज. "बरं," तोही म्हणाला. मग म्हणाला, "जेवून घे."

तिचा इकामा डब्यात ठेवायचा म्हटलं तर तो तिच्याजवळ पुण्यात.

२२ सप्टेंबर, सोमवार

मग झालं, म्हणाली. आज फोन यायचं कारण नाही. म्हणून पान उघडलं.

लाल रेघ. अकरा तारखेपासून, एकदाही न तुटता. आणि तिच्या खूप खाली दुसरी, निळी. बिघाड वाटला. कोपऱ्यात नावं दिली आहेत. लाल: यान्बू, बाल्कनी. निळी: पुणे, खिडकी.

माझ्या घरातल्या यंत्रावर पुण्याची रेघ! ती फाईल. पूछ मत, डाल. म्हणजे पोरगी पुण्यातून यंत्राच्या आत येत होती. हिरवा दिवा तिला पहिल्या दिवसापासून दिसत होता.

निळी रेघ कुठे सुरू होते ते बोटाने सरकवत पाहिलं. बारा तारीख, सकाळी. केबल बदल म्हणाली त्याच्याआधी. फ्रीजच्या आधी, फुंकरीच्या आधी.

पुण्यात आत्ता चोवीस.

फोन वाजतोय. उगाच.