किल्ली एक, पेशी एक

सोमवार, ४ तारीख
ही वही काढावी लागली ती सूनबाईमुळे. जेवताना म्हणाली, आई, घराची किल्ली प्रत्येकाकडे हवी. नाहीतर आम्ही वेगळी जागा बघतो. मुलगा ताटात डोकं घालून बसला. मी बी.एस्सी., झूलॉजी. अमीबाला पेशी एकच. तीच खाते, तीच चालते. कुणापुढे हात पसरत नाही. हात हवाच असेल तर स्वतःतूनच काढते. घर तसंच चालतं. किल्ली एक, माझ्याकडे.

मंगळवार, ५
सगळे आठवडाभर लेकीकडे गेले. चल म्हणाले. नाही म्हटलं. मोठ्या प्राण्यातल्या पेशीला आपलं एकच काम येतं. बाहेर काढली की मेली. ह्यांचंच बघा. बल्ब बदलण्यापलीकडे काय येतं? मी एकटीने सगळं करून दाखवणार. ही वही पुरावा.

बुधवार, ६
बल्ब गेला. स्टुलावर चढले. उतरायला बराच वेळ लागला. बल्ब जुनाच आहे. तसाही दिवसा उजेड भरपूर असतो.

गुरुवार, ७
पाठ धरली. बाम लावायला हात पोचत नाही. अमीबाला पाठ नसते. हा फरक कॉलेजात कुणी सांगितला नाही. सूनबाईचा फोन. आवाज असा का, म्हणे. म्हटलं, आराम चाललाय.

शुक्रवार, ८
धीर यावा म्हणून जुनं पुस्तक उघडलं. अमीबाचे दोन भाग होतात, दोन्ही आपापल्या वाटेने जातात. मूळचा अमीबा उरत नाही. पुस्तक मिटलं. छपाई फार बारीक आहे.

शनिवार, ९, दुपार
कचरा ठेवायला बाहेर गेले, मागे दार धाडकन लागलं. किल्ली आत. अंगात गाऊन, हातात रिकामी बादली. शेजारीणबाई म्हणाल्या, दुसरी किल्ली सुनेकडे असेलच की. मी बादलीत बघत राहिले. त्यांनी चहा दिला, पाठीला बाम चोळला, सुनेला फोन लावला. मी नको म्हणाले. हळूच म्हणाले. हे त्यांच्याच कागदावर लिहितेय.

रविवार, १०
सगळे तातडीने परतले. सुतार कुलूप फोडून नवं बसवून गेला. ह्यांनी बल्ब बदलला, शिट्टी वाजवत. सूनबाईने आल्या आल्या माझ्या पाठीला बाम लावला. मीच विचारलं, जागा बघितलीत का? म्हणाली, अजून नाही.

नव्या कुलपाच्या किल्ल्या चार. मीच वाटल्या. एक सूनबाईला, एक मुलाला, एक ह्यांना, एक शेजारीणबाईंना. वाटून झाल्यावर बघते तर हात रिकामा. सूनबाई हसली. म्हणाली, तुम्ही आपली बेल वाजवा, आई, आम्ही आहोत ना.

बाहेर जाऊन वाजवून पाहिली. उघडलं.