आधी दादा बसला

प्रिय ठोकळ्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? मग तू आत्ता काय केलं असशील ते मी इथून सांगते. पाकीट उलटसुलट करून पाहिलं असशील, बायकोला म्हणाला असशील, "हिला आजच बरी आठवण झाली!" घे, खुशाल संशय घे. तुझ्या जागी मी असते तर मी ते आधी उजेडासमोर धरलं असतं. आपल्या दोन्ही घरांत संशय हा घरचाच माणूस. सगळ्यांच्या आधी उठतो आणि सगळे झोपले तरी जागाच असतो. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते, मला तुझ्याकडून काही नको आहे. वाटणी नको, सही नको, माफीसुद्धा नको. मला हृदयाचं दुखणं निघालं आहे, आणि तरीही हे निरोपाचं पत्र नाही. शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडलंस तर माझं नुकसान नाही, तुझं आहे.

मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते, हे कुणाकडून तरी तुला कळलं असेलच. शाळा उघडली त्या आठवड्यात काचेच्या नळ्यांचं खोकं घेऊन जिना चढत होते. खोकं काही फार जड नव्हतं. मधल्या वळणावर माझे पाय एकाएकी माझे राहिले नाहीत. दुखलं नाही, घाम नाही, डोळ्यांपुढे काजवे नाहीत. खांद्यावर हात ठेवून कुणी खाली बसवावं तशी मी पायरीवर बसले. पुढचं मला आठवत नाही. खेळाचे सर मागूनच येत होते म्हणून मी हे पत्र लिहिते आहे. त्यांनी छाती दाबून दाबून मला परत आणलं, त्यात दोन बरगड्या मोडल्या. आई दवाखान्यात आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न काय असावा? "बरगड्या मोडायची काय गरज होती? कोण आहे हा माणूस?" तुझी काकू कशी आहे ते तुला ठाऊक आहे. ती बदललेली नाही.

माझ्या हृदयाची भिंत जन्मापासून जाड आहे म्हणे. चाळिशी उलटेपर्यंत मी स्वतःला जाड कातडीची समजत होते, निघाले जाड काळजाची. डॉक्टर तरुण बाई आहेत, बोलायला गोड, आणि गोड बोलणाऱ्या माणसाचं मला काय वाटतं ते तू जाणतोस. छातीत एक छोटं यंत्र बसवायचं त्या म्हणाल्या. हृदयाने पुन्हा असा चावटपणा केला तर ते आतून झटका देऊन त्याला ताळ्यावर आणतं. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की यंत्र विकणाऱ्याचं आणि बाईंचं काहीतरी साटंलोटं असणार. दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी अक्षर न् अक्षर तेच सांगितलं, तर मला वाटलं हे दोघे एकमेकांना फोन करतात. घरी नवरा एकदम शहाण्यासारखा वागायला लागला. बादल्या उचलतो, बाजारातून पिशव्या आणतो, एकदा तर न सांगता पडदे धुतले. मी त्याच्यावरही पाळत ठेवली. डॉक्टरांनी याला वेगळं काही सांगितलंय आणि मला वेगळं, अशी माझी खात्रीच झाली होती. शेवटी एका सकाळी त्याला स्वयंपाकघरात कोंडीत पकडलं. तो फडकं हातात घेऊन म्हणाला, "अगं, तू पायरीवर पडलीस तेव्हा मला कळलं की मला चहासुद्धा धड करता येत नाही. मी घाबरलोय, एवढंच आहे." त्या दिवसापासून चहा तो करतो. बरा करत नाही.

भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना म्हणतो, वाईटातून चांगलं निघतं हो. समोरची शिंपीण तर दोनदा म्हणाली. लोकांचं हे वाक्य मला खोट्या नाण्यासारखं वाटायचं. वाजवून पाहावं आणि परत करावं. पण त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी मला एक प्रश्न विचारला. घरात कुणी कमी वयात, अचानक गेलं आहे का? मी म्हटलं, "वडील गेले. पण ते वेगळं, ते जिन्यावरून पडून गेले." बाई लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, "पडले म्हणून गेले, की गेले म्हणून पडले?"

ठोकळ्या, मी त्या खुर्चीत तशीच बसून राहिले. बाहेरच्या बाकावर नवरा माझी पर्स मांडीवर घेऊन बसला होता, तो मला दारातून दिसत होता, आणि माझ्या डोक्यात मात्र आपल्या जुन्या फर्निचरच्या कारखान्याचा जिना. तू तेव्हा पाचवीत होतास, मी नववीत. तुला किती आठवतं मला माहीत नाही, म्हणून मला जे ठाऊक आहे ते लिहिते. त्या सकाळी बाबा आणि काका कडाकडा भांडले होते. काकांना वेगळं होऊन स्वतःचं दुकान काढायचं होतं, बाबांना ते पटत नव्हतं. रंधा आपटल्याचा आवाज आमच्या खोलीपर्यंत आला होता. आणि तेवढ्यात गिऱ्हाईक टेम्पो घेऊन दारात उभं राहिलं, म्हणून भांडण अर्ध्यावर टाकून दोघे भाऊ ते तीन दारांचं कपाट वरच्या मजल्यावरून खाली आणायला लागले. बाबा खालच्या बाजूला, काका वरच्या. बाकी जिन्यात कुणीच नव्हतं. मोठा आवाज झाला. आई धावली तेव्हा बाबा पायथ्याशी पडले होते, कपाट अर्ध्या जिन्यात कठड्याला अडकलं होतं, आणि काका त्याच्यामागून ओरडत होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं चिरडली होती.

काका एकच वाक्य बोलले. पोलिसांना तेच, नातेवाइकांना तेच, आईलाही तेच. "आधी दादा बसला, मग पडला." आईने ते वाक्य आयुष्यभर दाताखाली ठेवलं. हातात कपाट असताना जिन्यात कोण बसतो? खोटं बोलायचं तर निदान धड तरी बोलावं! भांडण संपत नाही तोच भाऊ खलास, आणि हा म्हणतो बसला. पोलिसांनी अपघात म्हणून कागद बंद केला, आईने केला नाही. काकांची वाकडी बोटं दिसली की ती म्हणायची, शिक्षा जागच्या जागी मिळाली. मग तुम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलात आणि आई म्हणाली, बघितलंस? ज्याच्या मनात काळंबेरं नाही तो पळून कशाला जाईल? तुमचं दुकान चाललं तरी संशय, नाही चाललं तरी संशय. एका लग्नात तू मला लांबून हात केलास, आठवतं? आईने लगेच माझा चेहरा तपासला. मी हात पाठीमागे नेला. तूही मग तुझ्या बाबांकडे पाहून मान फिरवलीस. तुमच्या घरी आमच्याबद्दल काय बोललं जायचं ते मला ठाऊक नाही, पण चांगलं नसणार. आणि त्यात तुमची चूक नसणार.

खरं सांगू? मी काकांवर पूर्ण विश्वास कधी ठेवला नाही आणि पूर्ण अविश्वासही. संशयाचं असंच असतं, तो मरूही देत नाही आणि झोपूही देत नाही. पण त्या दवाखान्यातल्या खुर्चीत मला कळलं, की हातात ओझं घेऊन जिन्यात कोण बसतो. मी बसले होते. माझं काही भांडण नव्हतं, मला कुणी ढकललं नव्हतं, आणि मी बसले होते. जे काका इतकी वर्षं सांगत होते ते माझ्या पायांनी मला सांगितलं. डॉक्टरबाई प्रामाणिक निघाल्या. म्हणाल्या, इतक्या वर्षांनी मी शपथेवर सांगू शकणार नाही, पण हा आजार रक्तातून येतो, ओझं उचलताना, धावताना असा दगा देतो, आणि तुमच्या वडिलांचं वर्णन त्याच्याशी तंतोतंत जुळतं. मी घरी येताना रिक्षात रडले. नवऱ्याला वाटलं आजाराला भ्याले. त्याला कसं सांगू, की छातीवरचं एक जुनं ओझं उतरलं आणि त्याच वेळी दुसरं चढलं?

आईला सांगायला मला बरेच दिवस लागले. सांगितल्यावर ती फणकारली, "ती डॉक्टरीण त्याची वकील आहे का?" मग दिवसच्या दिवस भाजी चिरायची, भांडी लावायची, पण त्या विषयाला हात लावायची नाही. मला भीती वाटली की हिला मी फार मोठं काहीतरी मागितलं आहे. तिने नवऱ्याशिवाय एवढं आयुष्य रेटलं ते त्या रागाच्या काठीवर. काठी काढून घेतली तर ही उभी कशी राहील? आणि वर हेही होतंच, की तिच्याच माणसाकडून ते दुखणं माझ्याकडे आलं, त्याचा दोष ती आता कुणाच्या दारात टाकणार? एका दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने मला वकिलासारखे प्रश्न विचारले. तू बसलीस तेव्हा हातातलं खोकं कुठे गेलं? म्हटलं, गडगडत खाली, सगळ्या नळ्या फुटल्या. ती म्हणाली, "मग कपाट का नाही गेलं?" म्हटलं, म्हणजे? ती म्हणाली, "ते बसले, त्यांचे हात सुटले. तेवढं मोठं धूड त्यांच्या अंगावर यायला हवं होतं. कपाटाचा अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मीच तर पाहिलं." आणि मग स्वतःच्याच हाताकडे बघत हळूच म्हणाली, "त्याने एकट्याने धरलं असेल रे देवा. म्हणून बोटं गेली." तिने तोंडावर पदर घेतला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिने झटकला, आणि थोड्या वेळाने तोच हात चाचपडत शोधला.

तरी हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाही. ते काकांना सांगायला मी स्वतः येईन, आई येईल की नाही ते तीच जाणे. लिहायचं कारण परवा घडलं. कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या बाई कौतुकाने सांगत होत्या, की तुझ्या मुलीची धावण्याच्या मोठ्या स्पर्धेसाठी निवड झाली, रोज पहाटे मैदानावर घाम गाळते, मागच्या शर्यतीनंतर म्हणे तिला भोवळ आली पण दोन मिनिटांत उठून हसायला लागली, फार जिद्दीची पोर. मी ऐकून घरी आले ती दारातच थबकले, कारण आई माझ्या आधी तिथे उभी होती. तिनेही ते सकाळी त्याच दुकानात ऐकलं होतं. तुमच्या घराबद्दल इतक्या वर्षांत तिच्या तोंडून चांगला शब्द मी ऐकलेला नाही, आणि ती मला दरडावून म्हणाली, "उभी काय राहिलीस? त्या पोरीला कुणी सांगितलं का?" तुला दोनदा फोन केला, माझं नाव ऐकून तू ठेवलास. तुझा दोष नाही, म्हणून ही चिठ्ठी माणसाच्या हाती पाठवते आहे. मुलीचं धावणं आजपासून थांबव. रागावेल, रडेल, रडू दे. हृदयाची तपासणी करून घे. छातीवर गार मलम लावून पडद्यावर हृदय पाहतात, दुखत नाही. मग तुझी कर, मग काकांची. कदाचित काहीच निघणार नाही आणि तू मला शिव्या घालशील, मी आनंदाने खाईन. निघालंच, तर वेळेत निघेल, आणि मी पायरीवर पडले त्याचं सार्थक होईल. यात माझा काय डाव आहे असं तुला वाटणारच. वाटू दे. आधी तिला दवाखान्यात ने, तिथे बाकावर बसून हवा तेवढा संशय घे.

तुझीच,
ताई