माझे ढग आत जात नाहीत

५ जानेवारी, सकाळी ६
आजपासून रोज पहाटे चार तास थीसिस. रजिस्ट्रेशनची मुदत ३१ मार्चला संपते. पीएचडी झाली की तासिका तत्त्वावरची नोकरी सुटून मी परमनंट. विषय तसा सोपा: दीर्घिकेतले थंड वायूचे ढग तिच्या मध्यापर्यंत पोचतात कसे, म्हणजेच तिथल्या कृष्णविवराला खायला घालतं कोण. प्रोग्राम लिहून झालेला आहे. नुसता चालवायचा.

६ जानेवारी, सकाळी ९.३०
आत्ता उठलो. थंडी फार. उद्यापासून.

१९ जानेवारी
प्रोग्राम चालवला. दोन हजार ढग. मध्याभोवती छान फिरतात. आत एकही जात नाही. पुन्हा चालवला. तेच.

२१ जानेवारी
लक्षात आलं! चूक माझी नाही, पुस्तकांची आहे. ढग आत जातच नाहीत. जगभरचे लोक इतकी वर्षं गैरसमजात राहिले. बायकोला, शीलाला, सांगितलं. तिनं विचारलं, मग ते कृष्णविवर जगतं कशावर? मूलभूत संशोधन घरात बोलू नये.

२ फेब्रुवारी
तनुजा, लॅबमधली ज्युनिअर, म्हणाली, सर, एकदा कोड बघू का? नाही म्हटलं. शोध फुटतो.

९ फेब्रुवारी
पाचोडहून वडील आलेत, आबा. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी आहे. आल्या आल्या विचारलं, कॉलेजात पक्का कवा व्हणार? म्हटलं, मार्च. जन्म मेंढरांमागं गेलेला, फ्लॅटमध्ये करमत नाही. दिवसभर माझ्या लॅपटॉपवर ढग बघत बसतात.

१० फेब्रुवारी
आबा म्हणाले, ही मेंढरं एकमेकाच्या अंगातून कशी जातात रं? समजावलं की मेंढरं नव्हेत, ढग आहेत, एकेक लाखभर सूर्यांएवढा. तर म्हणे, असू दे, पण धडकत का नाय? वाड्यात घालताना मेंढरं एकमेकाला घासतात, धडकतात, पळायचा जोर मोडतो, तवा कुठं आत जातात. नुसती पळती ठिवली तर सांजपस्तोर गोलच फिरतील. हसू आलं. एका डोळ्यानं माणसाला दिसणार तरी किती!

२७ फेब्रुवारी
सेमिनार १२ मार्चला. क्रांती चौकात ब्लेझर घेतला. पहिल्या स्लाइडचा फॉन्ट ठरला. तयारी जवळपास पूर्ण.

१२ मार्च, सकाळी ८
शीलानं हातावर दही-साखर ठेवली. आज इतिहास घडणार.

१२ मार्च, दुपारी ४
गाइड राजेंद्र सरांनी तिसऱ्याच स्लाइडला थांबवलं. म्हणाले, तुमचे ढग एकमेकांच्या आरपार जाताहेत. टक्कर कुठे आहे? टक्कर नाही तर त्यांची गिरकी मोडणार कशी, आणि ते आत पडणार कसे? मी म्हणालो, टक्कर मुद्दाम वगळली आहे. सर म्हणाले, का? मी पुढची स्लाइड लावली. तनुजा खाली मान घालून वहीत बघत होती. ब्लेझरमध्ये घाम फुटला. अगदी आबांचाच प्रश्न, फक्त मेंढरं वगळून. फार लाज वाटली.

१३ मार्च
टक्कर वगळायला कारण होतं. त्या आठवड्यात पेपर तपासायचे होते. टकरीच्या ओळी नंतर लिहू म्हटलं. तो आठवडा २०२३ मधला.

३१ मार्च
सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. शेवटची. तनुजाला कोड दाखवला. तिनं अकरा ओळी घातल्या. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिला ढग आत गेला. मग दुसरा. बाकीचे बरेचसे मध्याच्या जवळ एका कड्यात अडकून राहिले. तनुजा म्हणाली, खऱ्या दीर्घिकांतही असंच दिसतं, सर. मला भरून आलं. आबांना फोन लावला. त्यांची पट्टी कधीच निघाली, ते मेंढरांकडे होते. सांगितलं, आबा, गेली एकदाची आत! आबा म्हणाले, ती जाणारच व्हती लेका. तू कवा पक्का व्हणार?
रेंज गेल्यासारखं केलं.