दोन ठासणीच्या बंदुका

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मीच आता तुमच्यापेक्षा वयानं मोठी आहे. तरी दसरा आला की मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडते.

त्या साली मी पांढुर्ण्याला नवी मास्तरीण होते, सणाला तुमच्याकडे आले होते. पुढच्या महिन्यात राज्यांची नवी वाटणी होऊन नागपूर आपल्या राज्यातून सुटणार, म्हणून पोलीस ठाण्यातल्या मालाची नव्यानं तपासणी चाललेली. तुम्ही हेड कॉन्स्टेबल, ठाण्याचे मुन्शी; जप्त माल ठेवायचा मालखाना तुमच्या ताब्यात. चोरीच्या, जप्तीच्या बंदुका एरवी कुलपात; पण दसऱ्याला तुम्ही त्याही शिपायांच्या रायफलींशेजारी पूजेला मांडायचे. शस्त्राचा काय गुन्हा, हे तुमचं म्हणणं. कोणती बंदूक कोणत्या गुन्ह्यातली हे लिहून तिला बांधलेल्या चिठ्ठ्या, हळदीकुंकवानं शाई पुसू नये म्हणून, आधी सोडून ठेवायचे. जुन्या विटल्या होत्या, तेव्हा पूजेनंतर नव्या लिहून बांधायला तुम्ही मलाच बसवलं. नियमात बसत नव्हतं ते, पण लेकीच्या अक्षराचं तुम्हाला भारी कौतुक. मी भराभर लिहून राहिले होते, तर सगळ्या शिपायांसमोर म्हणालात, "घाई कायची हाय तुले? बंदुका का पळून जाऊन राहिल्या?" सगळे हसले. मला असा राग आला!

त्यात दोन एकनळी, ठासणीच्या होत्या. एक बोरगावच्या शेतकऱ्याची, चोरीला जाऊन सापडलेली. चोरानं नंबर घासून टाकला होता. दुसरी नाल्यात मिळालेली, बेवारस, मोडीत काढायचा हुकूम झालेली. त्या दोघींच्या चिठ्ठ्यांची माझ्या हातून अदलाबदल झाली. बेवारस म्हणून जी जिल्ह्याला गेली, तिचे तुकडे झाले. मग कोर्टात शेतकऱ्यासमोर उरलेली ठेवली. त्यानं दस्त्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, ही माझी नाही. चोर सुटला. तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही एवढंच बोललात, "चिठ्ठ्या म्याच बांधल्या, साहेब."

हेडचे पुन्हा शिपाई झालात. आई चुलीपाशी बसून तुमच्या बाहीवरच्या फिती उसवते आहे, मी समोर भाजी निवडते आहे. तेवढ्यात तो शेतकरी दारात आला. "मुन्शीजी, तुमच्यावर राग नाही जी," म्हणाला, "पण माह्या बापाच्या हातची होती ते." तुम्ही उठून त्याला पाणी दिलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढंही कधी विचारलं नाही, आणि त्याचाच मला राग आहे. रागवायचं होतं, दोन थोबाडीत द्यायच्या होत्या.

हे पत्र कोणत्या पेटीत टाकणार? वहीतच राहील. आईला तिच्या शेवटापर्यंत मी सांगत आले की नकळत झालं. तसं नव्हतं, बाबा. चिठ्ठी हातात धरून मी त्या दोघींपुढे अडले होते. तुम्ही चार पावलांवर उभे होते. पुन्हा हसतील म्हणून विचारलं नाही, अंदाजानं बांधली.