पिंपाच्या खोलीतला वारा

टोरांटो, १४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप इडालीना वन्सं यांस,
देओलिंडाचा शि. सा. न. वि. वि.

बेल्मिरो गेल्यावर वरचं घर भाड्यानं दिलं नि मी तळघरात राहायला आले. तुम्ही आला होतात तेव्हा हसला होतात, की वरचं घर पाहुण्यांसाठी झाकून आम्ही खालीच रांधतो-जेवतो. त्यामुळे फारसं काही बदललं नाही. थंडी मात्र बदलली. घर तापवणाऱ्या भट्टीची गरम हवा वर जाते, खाली तिचा आवाज तेवढा राहतो.

नेल्सन म्हणतो, आई, भिंतीलगत विजेचे हीटर बसवू, नाहीतर मुकाट्यानं आमच्याकडे चल. सून भली आहे, पण तिथे माझी अशी चूल नसेल. शेजारचा गास्पार म्हणतो, चाकांचा तेलाचा हीटर घे आणि बसशील तिथे कुत्र्यासारखा ओढत ने. वाचनालयातल्या पुस्तकात लिहिलंय, ऊब विकत घेण्याआधी थंडी कुठून येते ते पाहा. मेणबत्ती घेऊन फिरले. ज्योत सगळीकडे सरळ, फक्त बेल्मिरोच्या वाइनच्या खोलीपाशी आडवी. तिथला झरोका तो हिवाळाभर उघडा ठेवायचा. सप्टेंबरात त्यानं द्राक्षं तुडवली, ऑक्टोबरात गेला. पीप भरलेलं आहे. झरोका बंद केला तर वाइन बिघडेल, म्हणून विजेचेच घ्यावेत असं वाटतं. बिल फार येईल. तुमचं मत कळवा.

लोभ आहेच, या थंडीत थोडा जास्त असावा.

आपली,
देओलिंडा

पोंटा डेल्गाडा, २८ नोव्हेंबर

प्रिय देओलिंडा हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचून हसू आलं, मग नाही आलं. आम्ही बेटावरचे लोक दोन स्वेटर नि एका तक्रारीवर हिवाळा काढतो. पण पिंपाला गारवा हवा म्हणून तू कुडकुडणार, वर बिल भरणार, आणि नाही जमलं तर मुलाकडे जाणार? मग घरात राहणार कोण, पीप? माझ्या भावानं हे ऐकलं असतं तर टोपी काढून डोकं खाजवलं असतं.

अकरा नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, नवी वाइन चाखायची, ती तू यंदा चाखली नाहीस. तू लिहिलं नाहीस, तरी कळलं. उघड ते पीप. त्याची वाइन कधीच धड झाली नाही, हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. यंदा कशी झाली ते कळव.

जपून राहा, आणि या म्हातारीवर राग धरू नकोस.

तुझी,
इडालीना

टोरांटो, १५ डिसेंबर

तीर्थस्वरूप वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी पीप उघडलं. गास्पारनं चेस्टनट भाजून आणले, वरचे भाडेकरूही उतरले. आंबट होती. एकेक घोट घेऊन सगळ्यांनी पेले खाली ठेवले. शेवटी नेल्सन म्हणाला, बाबांचीच आहे. मग सगळे हसले आणि सगळ्यांनी पुन्हा पेला पुढे केला. उरलेली बाटल्यांत भरून वाटली, रिकामं पीप गास्पारनं नेलं. नेल्सननं झरोक्यात फोमची जाड पाटी बसवली, दाराला रबराची पट्टी लावली. आता चाकांचा एक हीटर पुरतो. मी इथेच राहावं, हे त्यालाही पटलं.

खोली तापली तसा भिंतीत, फळ्यांत मुरलेला वाइनचा वास बाहेर पडू लागला. बेल्मिरोच्या शर्टांना यायचा तोच. नेल्सन म्हणतो, आई, दोन दिवस खिडकी उघडी ठेव, जाईल. मी त्याला सांगितलं, ऊब वाया जाते.

तुमची माया अशीच राहो.

आपली,
देओलिंडा