एल्डरबेरी आणि तुमची कात्री

अण्णा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. इथे मिशिगनमध्ये माझ्या घरामागे आता एल्डरबेरीची चार झुडपं आहेत. काळीजांभळी, मिऱ्याएवढी फळं, घोसच्या घोस. कच्ची खाल्ली तर पोट बिघडतं, पण वाइन छान होते. तुम्ही म्हणाला असतात, "खायचं फळ कुजवायचं कशाला?" नाशिकची बाग तुम्ही शेवटपर्यंत खायच्या द्राक्षांचीच ठेवलीत.

मी दहावीत असताना छाटणीत एक अख्खी ओळ चुकीची कापली होती. तुम्ही माझ्या हातातून कात्री काढून घेतलीत आणि मजुरांदेखत म्हणालात, "तुझ्या हाताला झाड कळत नाही. तू आपला अभ्यास कर." मी अभ्यास केला, इंजिनिअर झालो, इथे गाड्यांच्या कंपनीत लागलो. पण ते वाक्य सलत राहिलं. खरं सांगतो, ही झुडपं मी त्या वाक्याला उत्तर म्हणूनच लावली.

आणि दुसऱ्याच वर्षी माती खाल्ली. एप्रिल म्हणजे आपल्याकडे द्राक्षाची खरड छाटणी, सगळ्या काड्या आखूड कापायच्या. अंगात बागायतदार संचारला आणि दुकानातून नवी कात्री आणून मी सगळ्या काड्या बुडाशी कापल्या. बायको म्हणाली, "अरे, आधी गूगल तर करायचंस!" या झुडपाला फळ धरतं ते गेल्या वर्षीच्या काडीवर, आणि त्या सगळ्या मी कचऱ्यात टाकल्या होत्या. त्या उन्हाळ्यात एक फूल आलं नाही. तुमचंच खरं ठरलं म्हणून मी या वयात रडलो.

पुढचे दोन एप्रिल हात आवरला. आधी नुसता बघत बसायचो, मग वाळलेली काडी तेवढी काढायचो. यंदा घोसांच्या ओझ्यानं फांद्या वाकल्या. आम्ही दोघांनी जेवणाच्या काट्यानं फळं ओरबाडली, बोटं आठवडाभर जांभळी होती. आता तळघरात काचेची बरणी बुडबुडते आहे. बायको ऑफिसातून आली की आधी तिला कान लावते. "चाललंय रे," म्हणते, आणि मला फार बरं वाटतं. माझ्या हाताला चार झुडपं तरी कळली, अण्णा.

वाळल्या काड्या काढल्या त्या तुमच्या कात्रीनं. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, तीच. मी अमेरिकेला निघालो त्या आठवड्यात ती सापडेनाशी झाली, आणि पुढे कितीदा तरी तुम्ही फोनवर म्हणालात, "वय झालं बाबा, वस्तू कुठे ठेवतो तेच आठवत नाही." तुम्ही काही विसरला नव्हतात. ती माझ्या बॅगेत होती. मी दर वेळी "असू द्या, नवी घ्या" म्हणत राहिलो.